मेलेल्या वडिलांचं काम

—आणि दिवसभर करायचं काय, हेच ना? विचारा की, लाजताय कशाला. मुलगा ऑफिसात, सून ऑफिसात, नात शाळेत, टीव्ही जर्मनमध्ये आणि आपण सोफ्यावर—बसा, बसा श्रीपादराव, बाकडं ओलं दिसतंय पण नाहीये, रंगच तसला आहे. कधी आलात? परवा? म्हणजे अजून पहाटेच जाग येत असेल, आणि मग सुनेची झोपमोड नको म्हणून चहाचं भांडं हातात धरून ओट्यापाशी नुसतं उभं राहायचं—बरोबर ना? मला सगळं ठाऊक आहे. मी एप्रिलपासून इथे आहे. तीन महिन्यांचा व्हिसा, संपत आला, परवा माझं विमान. मी पद्माकर रेठरेकर, साताऱ्याला पाटबंधारे खात्यात होतो, आता रिटायर. तर मी काय केलं ते सांगतो. मी इथे, या ब्राउनश्वाइगमध्ये, नाटकात काम केलं. जर्मन नाटकात. नाही हो, जर्मन कुठलं येतंय—‘गेनाऊ’, म्हणजे ‘अगदी बरोबर’, ‘या’, म्हणजे ‘हो’, आणि ‘हिल्फे’, म्हणजे ‘वाचवा’. तेवढ्यावर भागलं, कारण काम मेलेल्या वडिलांचं होतं.

हसा, हसा. माझा मुलगाही आधी हसला होता. नंतर नाही हसला, पण ते पुढे येईल.

हे सगळं त्या लेंबितमुळे. लेंबित कुर्ग. कॉफीवालं कूर्ग नव्हे, तो एस्टोनियाचा. एस्टोनिया कुठे आहे मलाही माहीत नव्हतं, नातीच्या ॲटलासमध्ये बघितलं—रशियाच्या काखेत एक चिमुकला देश. तिथला कवी, आणि नाटकातला नट. सत्तरीच्या पुढचा, दाढी पांढरी, बोटं अशी लांब लांब. तो मला भेटला कसा, तर मेलेला भेटला. ते समोर गवत दिसतंय ना, नदीच्या अलीकडे—तिथे. मी इथेच बसलो होतो, संत्रं सोलत. बघतो तर हा उताणा पडलेला, तोंड थोडं उघडं, नाकावर माशी. आणि माशी चालत होती हो! नाकावरून गालावर, गालावरून पापणीवर—आणि पापणी हलत नाही! मी बापजन्मात असं प्रेत बघितलं नव्हतं. आता परक्या देशात काय करणार? ओरडलो—हिल्फे! हिल्फे! एका सायकलवाल्या बाईने फोन केला, ॲम्ब्युलन्स आली, दोन धिप्पाड माणसं उतरली, शर्ट फाडला, छातीला काय काय चिकटवलं, आणि तरी हा पठ्ठ्या उठत नाही. मशीन म्हणतंय जिवंत, चेहरा म्हणतोय मेला. ती माणसं एकदा मशीनकडे बघतायत, एकदा याच्याकडे. शेवटी हा उठून बसला आणि खणखणीत आवाजात काहीतरी म्हणाला—चार ओळी, त्यांच्या भाषेत. आणि मग जर्मनमध्ये त्यांची माफी मागितली. कविता मध्यावर होती, मध्येच उठता येत नव्हतं, हे त्याने मला नंतर सांगितलं.

ते त्याला काय काय बोलले! मीही रागावलो होतो. माझं संत्रं मातीत पडलेलं. तर हा फाटका शर्ट सावरत माझ्याकडे आला, दोन्ही हातांत माझा हात घेतला आणि मोडक्या इंग्रजीत म्हणाला, ‘सर, या शहरात मी इतके आठवडे मरतोय, पण माझ्यावर विश्वास ठेवणारे तुम्ही पहिले.’

आता अशा माणसाला काय म्हणणार? मी डब्यातलं दुसरं संत्रं त्याला दिलं.

मग तो रोज यायला लागला. त्याचं इंग्रजी मोडकं, माझं सरकारी—जमलं. सगळा इतिहास सांगितला त्याने. जन्म बेटावरचा, बाप मासेमार, आई चर्चमध्ये गाणारी. हा गेला नाटकात. तेव्हा त्यांच्यावर रशियाचं राज्य. नाटकात काम करायचा ते झकास, पण याला खोड एक—लेखकाने लिहिलेली वाक्यं बोलता बोलता मध्येच स्वतःची कविता घुसडायची. म्हणजे राजाचा शिपाई येऊन म्हणणार, ‘महाराज, शत्रू वेशीवर आला आहे,’ आणि मग त्याच दमात समुद्रावर, बर्फावर, बंद केलेल्या बंदरावर आठ ओळी. लोक टाळ्या वाजवायचे. पक्षाचा एक माणूस नाटकं तपासायला बसायचा, तो काही टाळ्या वाजवत नसे. याला ताकीद मिळाली, दोनदा मिळाली. मग मॅनेजरने युक्ती काढली की याला मुकी कामं द्यायची. मुका नोकर झाला, झाड झाला, एका नाटकात कपाट झाला—कपाट हो! आत उभं राहून दार उघडायचं. तर दार उघडलं की आतून कविता. शेवटी म्हणाले, आता तू मर. आणि याला प्रेताचं काम दिलं. प्रेत कसं बोलणार?

आणि लेंबित मला म्हणाला—हे त्याचे शब्द—‘पद्माकर, मी आडवा झालो, दिवा माझ्या तोंडावर आला, सगळे रडायला लागले, आणि मला कळलं की इथे मला कुणीच अडवू शकत नाही.’ म्हणजे काय, की त्याने पडल्या पडल्या कविता करायला सुरुवात केली. मनात. जेवढा वेळ मेलेला तेवढी लांब कविता. तिसऱ्या अंकात मेला तर चार ओळींची, पहिल्याच अंकात मेला तर खंडकाव्य. पडदा पडला की कपडेपटात जाऊन कागदावर उतरवायची. दोन पुस्तकं आहेत त्याची, दोन्ही अशी मरून लिहिलेली. आणि मरायचाही असा की लोक खास ते बघायला यायचे. आसपासच्या गावांतून बसा भरून. हॅम्लेट कोण करतंय कुणी विचारत नसे, मरतंय कोण ते विचारायचे. तो पक्षाचा माणूससुद्धा पहिल्या रांगेत बसून रडायचा. आपण ज्याला गप्प केलं तोच हा, हे विसरून रडायचा.

बायको मात्र सोडून गेली. का, तर घरात भांडण सुरू झालं की हा मरायचा. ती बोलतेय, बोलतेय, आणि हा सतरंजीवर आडवा—माशी बसली तरी हलायचा नाही. ती बिचारी किती दिवस प्रेताशी भांडणार?

पुढे रशिया गेला, देश मोकळा झाला. थिएटरवाले म्हणाले, लेंबित, आता बोल! काय हवं ते बोल! मोठं काम दिलं, राजाचं. हा रंगमंचावर उभा राहिला, तोंड उघडलं आणि आवाजच नाही. तालमीत नाही, प्रयोगात नाही. डॉक्टर झाले, घसा ठणठणीत. गेला मॅनेजरकडे आणि हात जोडून म्हणाला, मला परत मारा. मला तर बाबा अंगावर काटा आला ते ऐकून. म्हणजे हसूही येत होतं आणि काटाही.

तर तोच हा, इथे जर्मनीत पाहुणा कलाकार म्हणून आणलेला. एक लहानसं थिएटर आहे, तळघरात, पन्नास-साठ खुर्च्यांचं. नाटक असं, की म्हातारा बाप मेलाय, मध्ये टेबलावर ठेवलाय, आणि पोरं त्याच्या भोवती घराच्या वाटणीवरून भांडतायत. सगळं नाटकभर. बापाला वाक्य नाही. आणि इथेच घोळ झाला—मे महिन्यात लेंबितला खोकला झाला. आता नटाचा घसा बसला तर ओढूनताणून चालतं, पण प्रेत खोकलं तर? डॉक्टर म्हणाले तीन आठवडे विश्रांती. आणि हा मला घेऊन उभा राहिला त्या दिग्दर्शक बाईंसमोर—फ्राउ ल्युडर्स, उंच, काळा चष्मा—आणि म्हणाला, माझ्या जागी हे.

मी? अहो मी आयुष्यात गणपतीतसुद्धा नाटक केलं नव्हतं! मी म्हणालो, मला जर्मन येत नाही. बाई म्हणाल्या, उत्तम. मी म्हणालो, पण पोरं सगळी गोरी आणि बाप सातारचा? त्या म्हणाल्या, नाटक आधुनिक आहे. मग परीक्षा घेतली. मी टेबलावर आडवा झालो. कानाशी टाळी वाजवली, ताट पाडलं, तळपायाला पीस लावलं—मी ढिम्म. बाई लेंबितला म्हणाल्या, कुठे शिकले हे? आता काय सांगू—पाटबंधाऱ्याच्या आढावा बैठकांमध्ये शिकलो, आणि खरं सांगू? इथे मुलाच्या घरी जेवणाच्या टेबलावर शिकलो. तिघं भराभर जर्मनमध्ये बोलतात—नात बोलते म्हणून हेही बोलतात, त्यांचा दोष नाही, अवनी चांगली आहे हो, माझी सून, मला वरण वेगळं करते, कमी तिखट—पण आपण भाजीकडे बघत बसायचं. हलायचं नाही. तर ती सवय कामाला आली.

लेंबितने शिकवलं. श्वास पोटातून नाही, पाठीतून घ्यायचा. नाकाचा विचार करायचा नाही, विचार केला की खाजतं. आणि सगळ्यांत मोठा नियम—कुणी कितीही रडलं तरी उठायचं नाही. बास. रविवारी दुपारी प्रयोग असायचा. मी घरी सांगायचो, लायब्ररीत चाललोय. आणि जाऊन मरायचो. अहो, पहिल्या प्रयोगाला ती मुलीचं काम करणारी पोरगी माझ्या छातीवर डोकं ठेवून इतकी रडली, तिचं पाणी माझ्या मानेत गेलं. गरम. आणि अंधारात ते साठ लोक, सगळे माझ्याकडे बघतायत. इथे आल्यापासून माझ्याकडे कुणी एवढा वेळ बघितलंच नव्हतं. प्रयोगानंतर केक द्यायचे, रुबार्बचा, म्हणजे इथल्या कसल्याशा आंबट देठांचा—तो आणायचो घरी. अवनी म्हणायची, बाबा, लायब्ररीत केक मिळतो?

मग पेपरात फोटो आला. स्थानिक पेपर, आतल्या पानावर, एवढा मोठा. मी टेबलावर, हात छातीवर, उशाशी मेणबत्ती, खाली लिहिलेलं—‘मृत वडील’. बास, एवढंच ठळक. बाकी सगळं बारीक अक्षरात. आता माझा मुलगा क्षितिज, तो गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या कंपनीत इंजिनिअर, आणि त्यांच्या कंपनीच्या फॅमिली डेला मी गेलेलो, सगळ्यांशी हात मिळवलेले. सोमवारी हा ऑफिसात गेला तर सगळे उभे. साहेबाने मिठी मारली. जर्मन साहेबाने! टेबलावर पांढरी फुलं, आणि सगळ्यांच्या सह्यांचं कार्ड. क्षितिजला काही कळेना. कुणाचं काय झालं? ते म्हणतात, तुझ्या वडिलांचं. त्याने तिथूनच घरी फोन लावला, आणि मी फोन उचलला—‘हॅलो, कोण?’

मी म्हणतोय हॅलो, हॅलो, क्षितिज आहेस का, येताना दही आण. त्याने फोन ठेवला आणि साहेबाला सांगितलं, वडील जिवंत आहेत, आत्ता फोनवर बोलले, दही मागतायत. तर साहेबाचे डोळे आणखी भरले! म्हणाला, धक्क्यामध्ये असं होतं. माझी आई वारली तेव्हा मलाही तिचा आवाज ऐकू यायचा. घरी जा. आणि दुखवट्याची दोन दिवसांची रजा कॉम्प्युटरला भरूनसुद्धा टाकली. ती मागे घ्यायची तर म्हणे वडील हयात असल्याचा दाखला द्या! म्हणजे साताऱ्यात ट्रेझरीला दर नोव्हेंबरात देतो, तोच इथेही.

क्षितिज फुलं घेऊन घरी आला. तो पेपर टेबलावर ठेवला. आधी हसला, म्हटलं ना. खूप हसला. मग हसता हसता त्याचं तोंड वाकडं झालं आणि ओरडायला लागला. ‘बाबा, तुम्हाला अक्कल आहे का? व्हिजिटर व्हिसावर काम करता येत नाही! पकडलं तर पुढच्या वर्षी व्हिसा मिळेल का?’ मी म्हणालो, काम कसलं, मी नुसता पडून असतो. ‘आणि पडायला बाहेर कशाला जायला हवं?’ म्हणाला. अवनी म्हणाली, ‘क्षितिज, हळू.’ तो म्हणाला, ‘मला ऑफिसात काय वाटलं असेल याचा विचार केलात?’ मग मी—हे कसं झालं मलाही कळलं नाही—मी सोफ्यावर आडवा झालो, हात छातीवर घेतले आणि मेलो. लेंबितसारखा.

‘बघ, बघ!’ क्षितिज अवनीला म्हणाला. बराच वेळ बोलला. माझं नाक हललं नाही. मग अवनी आत गेली, नात—तनया, सात वर्षांची, मराठी सगळं कळतं पण बोलते जर्मन—ती आली, माझा अंगठा ओढला, आणि मराठीत म्हणाली, अगदी स्वच्छ मराठीत, ‘आजोबा, मेलात का?’ आता नियम नियम आहे. पण मी एक डोळा उघडून म्हणालो, ‘हो गं.’ ती म्हणाली, ‘ओके,’ आणि खेळायला गेली.

मी परत मेलो. आणि मग मी एक लबाडी केली—थोडा घोरलो. मेलेल्याने घोरायचं नसतं, लेंबितने बघितलं असतं तर जीव गेला असता त्याचा. पण क्षितिजला वाटलं मी खरंच झोपलो. तो येऊन खाली बसला, सोफ्याला टेकून, पाठ माझ्याकडे. फुलं त्याच्या मांडीवर तशीच. आणि बोलायला लागला.

विभावरी—माझी बायको—ती गेल्या नोव्हेंबरात गेली. सांगितलं नव्हतं का मी? हां, तर गेली. अचानक. याचं विमान धुक्यामुळे रखडलं, आणि हा पोचला तेव्हा घरी फक्त तांब्या होता, अस्थींचा. तेव्हा तो एक शब्द बोलला नाही. बँकेची कामं केली, गॅस बंद केला, मला घेऊन यायचं ठरवलं, सगळं व्यवस्थित. मीही नाही बोललो. दोघं पुरुष, काय बोलणार? आणि त्या दिवशी सोफ्यापाशी तो म्हणाला—‘आई, आज सगळ्यांनी मला मिठ्या मारल्या. तू गेलीस तेव्हा मी ऑफिसात कुणाला सांगितलंच नव्हतं. सुट्टी घेतली, कारण लिहिलं, पर्सनल.’ असा आईशी बोलत होता. मग म्हणाला, ‘तुझा चेहरा नाही बघायला मिळाला. बाबांचा फोटो बघितला आणि वाटलं, असाच दिसला असेल.’ मग नाक ओढलं. आणि शेवटी म्हणाला, ‘बाबांना परत एकटं कसं पाठवू, ते मला कळत नाहीये.’

माझ्या हातभर अंतरावर त्याचं डोकं. केस पातळ झालेत, मी बघितलेच नव्हते. हात नुसता खाली सोडला असता तरी—पण नाही सोडला. उठलो असतो तर तो थांबला असता. नियम पाळला. इतका पाळला की अवनीने चहाला हाक मारली तेव्हा मी जांभईबिंभई देऊन उठलो. म्हणालो, ‘अरे, डोळा लागला होता वाटतं.’

दुसऱ्या दिवशी मी हे लेंबितला इथे सांगितलं. मला वाटलं, शाबासकी देईल. एवढं अवघड मरण! तर तो म्हणाला, ‘मग तू काय बोललास?’ म्हटलं, काही नाही, तुझाच नियम. तर तो चिडला हो! उभा राहिला आणि त्यांच्या भाषेत मला शिव्या दिल्या, शिव्या कुठल्याही भाषेत कळतात. म्हणाला, ‘मूर्खा, तो नियम तिकीट काढून आलेल्यांसाठी आहे!’ आणि तडतडत निघून गेला. दोन-तीन दिवस आलाच नाही. मी संत्री घेऊन बसायचो.

शेवटच्या रविवारी नाटकाचा शेवटचा प्रयोग. लेंबितचा खोकला गेला होता, काम त्याचंच. मी प्रेक्षकांत. आणि शेजारी कोण? क्षितिज. स्वतः म्हणाला, ‘चला बाबा, बघू तरी तुम्ही कुठे मरत होतात.’ अवनी, तनया, सगळे. लेंबित टेबलावर. काय मेला होता! तनया माझ्या कानात म्हणाली, तुमच्यापेक्षा छान. पोरं भांडली, वाटणी झाली, शेवटी ती मुलगी येते आणि छातीवर डोकं ठेवून रडते, मग दिवा विझतो—असा शेवट. तर ती आली, रडायला लागली, आणि लेंबितने हात उचलला. असा, सावकाश. तिच्या डोक्यावर ठेवला. पोरगी किंचाळली—खरं किंचाळली, ते नाटकात नव्हतं. आणि हा उठून बसला आणि बोलायला लागला. कविता. मोठ्याने. खोल, जाडाभरडा आवाज, कुठल्या तरी विहिरीतून काढल्यासारखा. एस्टोनियनमध्ये! एकाही माणसाला एक अक्षर कळत नव्हतं. पोरांचं काम करणारे नट भिंतीला चिकटले. फ्राउ ल्युडर्स विंगेतून हातवारे करतायत, मर, मर! तो कुठला मरतोय. त्या पोरीच्या डोक्यावरचा हात न काढता बोलत राहिला, बोलत राहिला, दिवेवाल्याला कळेना विझवू की नको. मी बाजूला बघितलं तर क्षितिज पुढे झुकून बसलेला, जसं काही समजतंय.

झालं. मग लेंबित टेबलावरून उतरला आणि सरळ दारातून बाहेर गेला, त्याच सदऱ्यात. टाळ्या? कुणाला वाजवायच्या सुचल्याच नाहीत. फ्राउ ल्युडर्स म्हणाल्या, नाटकाचं वाटोळं केलं, आणि रडत होत्या, दोन्ही एकदम. परवा तो बेटावर परत गेला. काल त्याचा फोन आला होता. इतका बोलतो आता, इतका बोलतो, की मला कुकर बंद करायला उठू देईना. अर्धं इंग्रजी, अर्धं त्याचं. बायकोला फोन केला म्हणे. तिने ऐकून घेतलं सगळं, मध्ये एक शब्द न बोलता, आणि ठेवून दिला. तर हा म्हणतो, ‘पद्माकर, आता तिची पाळी आहे.’ आनंदात होता!

मी? माझं काय? परवा विमान आहे म्हटलं ना. बॅगा भरल्यात. अवनीने मुगाचे लाडू—नाही, तसं क्षितिजशी बोलणं होतं की. वजन किती होतंय, पासपोर्ट कुठे ठेवलाय, पुढच्या वर्षी व्हिसाला लवकर अर्ज करू. बोलतो आम्ही. ते नाही बोललो. कसं काढायचं? ‘तेव्हा मी जागा होतो’ म्हणायचं? आणि तो म्हणाला, माहीत होतं मला, तर? अहो, घोरण्यावर कोण विश्वास ठेवेल. बावीस वर्षं माझ्याच खोलीत झोपलाय तो, माझं खरं घोरणं कसं असतं त्याला ठाऊक नसेल?

हां. हे आत्ताच सुचलं मला. बोलता बोलता.

म्हणजे मग तो कुणाशी—

थांबा. तो बघा, पुलावरून येतोय ना, निळ्या जाकिटातला, तो क्षितिज. आज लवकर सुटलाय वाटतं. नाही, ओळख नंतर करून देईन. श्रीपादराव, राग मानू नका, पण तुम्ही उठा आता. उठा हो. इथे त्याला बसायला जागा लागेल.